नाथांचा नवस आणि माझ्या सासूबाई

आषाढीच्या कार्यक्रमात 'सत्वर पाव गे मला', म्हणजे सासरच्यांचा काटा काढ म्हणून भवानीला नवस बोलणाऱ्या सुनेचं भारूड, म्हटलं की खाली उतरल्यावर कुणीतरी गाठणार, हे ठरलेलं. यंदा खिचडीच्या रांगेत एका काकूंनी गाठलं.

"सासूबाई असतात का घरी?"

"असतात की."

"बऱ्या आहेत ना?"

"ठणठणीत."

"मग असं का म्हणालात त्यांच्याबद्दल?"

"मी नाही हो, एकनाथ महाराज म्हणाले."

"त्यांना काय ठाऊक सासुरवास? पुरुषमाणूस! जावयाची सासू ती, पुरणपोळीच वाढणार."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकूंनी मिरचीचा तुकडा शोधून बशीच्या काठाला लावला आणि पुढचा घास घ्यायच्या आधी म्हणाल्या, "आता तुम्ही अध्यात्म सांगाल. सासरची माणसं म्हणजे विकार वगैरे. ऐकलंय मी कीर्तनात. पण विकारांना कुणी एवढ्या ठसक्यात मारतं का? सासूच्या ओळीला तुमचे डोळे बघितले मी. आतून आल्याशिवाय आवाज असा लागत नाही." मग आवाज उतरवून, "माझी सून शेजारीच बसली होती. वन्स मोअर तिनंच दिला."

म्हणजे भांडण नाथांशी नव्हतं, माझ्याशीही नव्हतं. पण खिचडी गार झाली ती माझी.

आवाज आतून लागत नाही, काकू. पट्टीतून लागतो. एरवी पेटीच्या काळी चारमध्ये गाणारीनं हे भारूड अर्धा सूर खाली, पांढरी पाचमध्ये घ्यावं, कारण यात गाण्यापेक्षा बोलणं जास्त. वरच्या पट्टीत शब्द किंचाळतात. संबळ असेल तर त्याच्यापुढचा माइक मागे सरकवायचा, नाहीतर नणंदेच्या पोराला कुठला रोग मागितला ते पहिल्या रांगेलाही कळत नाही. आणि ती 'खरूज' स्वच्छ ऐकू गेली नाही तर भारूड संपलंच म्हणा. प्रत्येक मागणीनंतर केरवा तालाचं एक आवर्तन, म्हणजे आठ मात्रा, रिकामं सोडायचं. लोक हसतात, ते हसू पुढच्या ओळीवर सांडतं. डोळे मोठे करायचे तेही याच आठ मात्रांत, गाताना नाही. काकूंनी बघितले ते हे डोळे.

एकाच ओळीला मी जागा सोडत नाही. जावेला बोडकी कर, अशी मागणी आहे तिथं. जिभेनं फटकळ असलेल्या बाईला शिक्षा काय, तर वैधव्य आणि डोक्यावर वस्तरा. हल्ली पुष्कळजणी ही ओळ गाळतात. मला गाळणं पटत नाही, सोळाव्या शतकाला साबण लावून काय मिळणार? पण हसायला उसंतही द्यायची नाही. ढोलकीवाल्याला आधीच सांगून ठेवायचं, इथं तुकडा नको, सरळ पुढची ओळ. तरी कुणीतरी खिंकाळतंच. त्याला काकू खिचडीच्या रांगेत गाठत नाहीत.

बरं, संशय घ्यायचाच तर योग्य जागी घ्या ना! नवसावर माझा काडीचा विश्वास नाही आणि भारूडभर मी भवानीला रोडगा कबूल करत असते. गोवऱ्यांच्या आरावर भाजायचा तो कणकेचा गोळा मी कुठं भाजणार, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत? हे कुणी विचारत नाही. ज्ञानेश्वरांनी विरहिणी होऊन विराण्या लिहिल्या, बालगंधर्व शालू नेसून विरहात झुरले, त्यांनाही कुणी 'घरी सगळं ठीक ना' म्हणून विचारलं नसावं.

आमचे आयोजक मात्र माझ्या गाण्यावर पूर्ण विश्वास ठेवतात. फक्त ओळ निवडून. तुकोबांचं सोनं आणि माती समान मानणारं चित्त मी मध्यंतराआधी गाते, आणि मानधनाचा विषय निघाला की त्यांना तेवढंच आठवतं. "ताई, तुम्ही काय, देवाचं काम करता." सासूचा मृत्यू मागताना मी खोटी असते, पैशाला माती म्हणताना खरी! ढोलकीवाल्याला पाकीट मिळतं. त्याच्या वाद्याला बोल असतात, मतं नसतात. मला शाल आणि नारळ. शाल गेल्या वर्षीचीच होती, घडीसकट. विचारायला गेले तर आयोजक काकूंच्या सुनेला सांगत होते, "पुढच्या वर्षीही हेच ठेवू."