हँडब्रेक काढलाय ना?

घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाला आपल्या गाडीचा ब्रेक जाम होतोय हे लवकर कळत नाही. कासारवडवलीहून नौपाड्याला निघायचं, मेट्रोच्या खांबांच्या सोबतीने वाघबीळ, मानपाडा असे मुक्काम करत पोचायचं. गाडी पुढे सरकत नसेल तर दोष रस्त्याचा, हे आम्ही धरूनच चालतो. त्यामुळे माझ्या बारा वर्षांच्या गाडीच्या पुढच्या डाव्या ब्रेकने मला दोन आठवडे सुखाने फसवलं.

शंका आली ती एका रविवारी सकाळी सातला. रस्ता चक्क रिकामा, आणि तरी गाडी बैलाने बसकण मारावी तशी. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या आगगाडीला 14 डबे होते, पण ओढायला इंजिनंही 3 होती. माझं एकच, आणि चारातलं एक चाक त्याच्याविरुद्ध.

कापूरबावडीला करपल्याचा वास आला. सवयीने आधी घरचा गॅस बंद केलाय का ते आठवलं. मग उतरून बघते तर डाव्या चाकातून धूर. शेजारचा रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, "ताई, हँडब्रेक काढलाय ना?"

हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि तापलंय पुढचं चाक, हे मी त्या दिवशी सात जणांना समजावलं. सातवा माझा नवरा. त्याला गाडी चालवता येत नाही, पण फोनवर विचारायला लायसन लागत नाही.

अर्ध्या तासाने चाक थंड झालं आणि गाडी शहाण्या मुलीसारखी धावायला लागली. पोराचा ताप जसा डॉक्टरच्या दारातच उतरतो, तसं वागळे इस्टेटच्या गॅरेजात जॅकवर चढवल्यावर ते चाक भिंगरीसारखं फिरलं. "काहीच नाहीये, साहेब," मेकॅनिक नवऱ्याला म्हणाला. नवरा सोबत म्हणून आला होता. त्याने गंभीरपणे मान डोलावली.

पहिल्या फेरीला ब्रेक पॅड बदलले, दुसऱ्या फेरीला ते पॅड चाकाच्या तबकडीवर दाबणारा चिमटा, म्हणजे अख्खा कॅलिपर. 7,800 रुपये गेले. प्रत्येक वेळी चार दिवस बरे, पाचव्या दिवशी मानपाड्याला पुन्हा तोच वास.

तिसऱ्या वेळी मी ठरवलं, रोगी तापलेला असतानाच न्यायचा. गॅरेजही बदललं. घरापासून मुद्दाम ब्रेक मारत निघाले आणि धुरासकट दारात उभी राहिले. इथले मिस्त्री वयस्कर, बोलणं कमी. त्यांनी गाडी जॅकवर घेतली. डावं चाक हाताने तसूभर हलेना, उजवं मोकळं. मग त्यांनी कॅलिपरवरचा, ब्रेक ऑइलमध्ये शिरलेली एअर काढायचा निपल पान्याने जरासा सैल केला. चूळ टाकावी तशी ब्रेक ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक सुटलं.

"साहेब," ते नवऱ्याला म्हणाले, "प्रेशर आत अडकलंय. कॅलिपर धरत असता तर निपल सोडूनही चाक सुटलं नसतं. पेडलचा जोर ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर असता तर उजवंही धरलं असतं. कॅलिपरला ऑइल नेणारा रबरी होज पाइप गेलाय."

"पण ब्रेक लागतो तर नीट," मी म्हणाले. "मग सुटताना काय होतं?"

उत्तर नवऱ्याला मिळालं. "सकाळी ठाण्याला लोकलमध्ये चढताना काय करावं लागतं? काही नाही. मागची गर्दी आत घालते. पण मुलुंडला उतरायचं म्हटलं तर तुम्हाला बाहेर ढकलणारं कोण आहे? तुमचा तुम्ही जोर लावा. ब्रेकचं तसंच. जाताना ऑइलच्या मागे पायाचा जोर. येताना कॅलिपरमधल्या पिस्टनचं रबरी सील ताण सोडतं, जोर तेवढाच. पाइप आतून फुगला की तेवढ्याने ऑइल परत येत नाही."

इतक्या वर्षांत लोकलचा उपयोग मला प्रथमच पटला.

जुना पाइप त्यांनी हॅक्सॉने कापून दाखवला, अर्थात साहेबांना. बाहेरून धडधाकट, आतलं रबर सुजून भोक सुईएवढं. नवऱ्याने तो तुकडा डोळ्याला लावून दुर्बिणीसारखा पाहिला आणि "हंऽऽ" केलं. नवा पाइप 450 रुपये. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, म्हणून तेही बदललं, एअर काढली, आणि बिल साहेबांच्या हाती दिलं. साहेबांनी ते लगबगीने माझ्याकडे सरकवलं. "गाडी हिची आहे," तो म्हणाला. तीन फेऱ्यांत प्रथमच.

पैसे दिले, बसले, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद पडली. गॅरेजात शांतता पसरली. मिस्त्री खिडकीशी वाकले आणि माझी दया येऊन माझ्याकडे न बघता पलीकडे म्हणाले, "साहेब, हँडब्रेक काढलाय ना?"

नव्हता काढलेला. जॅक लावताना त्यांनीच ओढून ठेवला होता.