पालकांची इच्छा म्हणे!

सकाळी शाळेच्या पालक ग्रुपवर मेसेज पडला. यंदाच्या स्नेहसंमेलनात ‘वादग्रस्त विषयांवरील नाटके’ घेऊ नयेत, नाच-गाणी ठेवावीत, पालकांची तशी इच्छा आहे. कुठल्या पालकांची हो? मीही पालकच आहे, मला कोणी विचारलं नाही. खाली अंगठ्यांची रांग.

नाटक कोणाचं ते श्रीवर्धनपासून दिघीपर्यंत सगळ्यांना कळलंय. नाव लिहीत नाही, सरांना आवडणार नाही. दिवसा गणित शिकवतात, रात्री जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर नाटक लिहितात. दारूवर लिहिलं, हुंड्यावर लिहिलं, सगळे टाळ्या वाजवून घरी गेले. मग त्यांनी वाळीत टाकण्यावर लिहिलं.

तो प्रयोग ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. वाळीत टाकलेल्या घरची मुलगी हंडा घेऊन विहिरीवर येते, बायका मागे सरतात. तिथे सरांनी नाटक थांबवलं. स्टेजवर येऊन म्हणाले, “आता हिने काय करावं? सांगा कोणीतरी.” पहिल्या रांगेत गावकीचे पंच, मांडीवर सत्काराचे नारळ. कोणी हलेना. मग मागून एक म्हातारी उठली. “तिला काय विचारतोस मास्तर? मागं सरल्या त्यांना विचार ना!”

ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआलने प्रेक्षकाला असं नाटकात ओढायची रीत जगभर नेली. म्हातारीला बोआल कशाला माहीत असायला हवा?

सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. तो आणायची वेळ का आली हे रायगडकरांना मी नव्याने सांगायला नको. पण पोलीस ठाण्याची पायरी चढणार कोण? उद्या घरात मयत झाली तर खांदा द्यायला कोण येणार, हा हिशेब आधी होतो. कायदा पोलीस ठाण्यात आणि माणसं मंडपात. म्हणून म्हातारी मंडपात बोलली.

हो, गावकी वाईटच असते असं नाही. निसर्ग वादळात माडं-पोफळी आडव्या झाल्या तेव्हा सरकारच्या आधी गावकीची पोरं पत्रे चढवायला आली. मान्य. सरांच्या नाटकात एक भाषण हमखास लांबतं, तेही मान्य. पुढे?

यंदाचं नाटक हक्कसोडीवर आहे, म्हणजे बहिणीने माहेरच्या मालमत्तेतला आपला वाटा सही करून सोडून देण्यावर. आता कळलं ना कोणाच्या पोटात दुखलं ते! समुद्राकाठच्या वाड्यांना भाव आला, दलाल फिरायला लागले आणि भावांना एकदम बहिणींची आठवण झाली. ओवाळणीची साडी हातात ठेवायची आणि सहीला तालुक्याला न्यायचं. १९९४ ला महाराष्ट्राने, २००५ ला केंद्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा दिला. कागदावर. सही नाही केली तर माहेर तुटतं, आणि ते तुटू नये म्हणून बायका लाखांवर पाणी सोडतात. माझ्या आत्याने सोडलं. अंगठे देणाऱ्यांनी आपापल्या घरचा सातबारा काढून त्यात बहिणीचं नाव शोधावं. यात वादग्रस्त काय आहे, हे घराघरात झालंय!

पाच नोव्हेंबरला रंगभूमी दिनाचे स्टेटस ठेवताना मात्र आपण पुढे. चिपळूणचे नाटककार मामा वरेरकर आमचे, त्यांचं हुंड्यावरचं ‘हाच मुलाचा बाप’ आमचं! जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिलं, तेही शाळा चालवणारेच. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारलं. तेव्हाही कमिटीच होती.

संध्याकाळी सर एसटी स्टँडवर भेटले. मला वाटलं चिडले असतील. कुठलं काय! “पोरांचं पाठांतर झालंय, ते वाया जायला नको,” एवढंच. आणि माझ्या मुलीचे अपूर्णांक अजून कच्चे आहेत, तिला आठवड्यातून दोनदा पाठवा म्हणाले. मुलगी त्यात धाकट्या बहिणीचं काम करते. तिने मेसेज वाचला आणि आईला विचारलं, “तू सही केलीस का गं?” बायको काही बोलली नाही. मीही विषय बदलला नाही, बसून राहिलो.

असो. शाळेत नाही तर आमच्या खळ्यात. शनिवारी रात्री आठला. ताडपत्री आणि दिवे माझ्याकडून, खुर्च्या कमी आहेत, चटया आणा. बहिणींना आवर्जून घेऊन या. मुंबईला दिलेल्या असतील तर फोन करून बोलवा. ज्यांची ‘इच्छा’ आहे त्या पालकांनीही यावं. सर मध्येच नाटक थांबवून तुम्हाला विचारतील, तेवढी तयारी ठेवा.