‘आजार बोलतोय’ ना? मग ते डॉक्टरांच्या कानावर घाला

व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतोय. वर हात जोडलेलं चित्र, खाली पाच वाक्यं. आजारी माणूस बोलत नसतो, त्याचा आजार बोलत असतो, म्हणून मनावर घेऊ नका. उलट बोललात तर आजार बळावतो. घरातलं बाहेर सांगू नका. खोलीतून उठून जाणं म्हणजे आपल्या माणसाला टाकणं. आणि खरं प्रेम असेल तर सेवेचा त्रास होतच नाही. माझ्या मावसबहिणीला हे एका आठवड्यात तिघांनी पाठवलं. तिघांपैकी एकानंही तिच्या घरी एक रात्र काढलेली नाही.

पहिलं वाक्य ऐकायला सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक. अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. आजार बोलतो. पण आजार बोलत असेल तर ते लक्षण झालं, तापासारखं. ताप आला की आपण मोजतो, डॉक्टरांना कळवतो. मनावर न घेता बसून राहत नाही.

काल दुपारपर्यंत नीट बोलणारा माणूस आज अचानक अंगावर येतो, ‘माझ्या पाण्यात काहीतरी घालतेस’ म्हणतो, सकाळी जरा बरा आणि दिवेलागणीनंतर पुन्हा तेच. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले तर तिसऱ्या वाराला धागा सुटतो. जुनी माणसं ‘वात झाला’ म्हणायची, डॉक्टर डेलिरियम म्हणतात. मागे असतो लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बरेच दिवसांचं बद्धकोष्ठ, कमी झालेलं सोडियम किंवा पाणी, कमी पडणारा ऑक्सिजन, नाहीतर नवी झोपेची गोळी. यातलं बरंचसं दुरुस्त होण्यासारखं असतं, म्हणून त्याच दिवशी फोन करायचा. यकृताच्या रुग्णाची झोप उलटी झाली, दिवसा पेंग आणि रात्री चिडचिड, तर आधी विचारा की शौचाला कधी झालं. लॅक्ट्युलोज, म्हणजे शौचाला साफ होण्यासाठीचं पातळ औषध, दिवसाला दोन-तीनदा मऊ शौचाला होईल इतकं लागतं. गोडमिट्ट चवीला कंटाळून रुग्ण ते चुकवतो, आणि मग बोलणं बिघडतं. इन्सुलिनवरचा माणूस घामाघूम होऊन खेकसला तर भांडण बाजूला ठेवून साखर मोजा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल, तर लगेच साखरपाणी.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी मन बिघडू शकतं, हे तर आकड्यांत मांडून ठेवलंय. बॉस्टनच्या औषध-निरीक्षण प्रकल्पानं १९७२ साली रुग्णालयातल्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन हे स्टेरॉइड घेणाऱ्यांत १.३ टक्के जणांना मानसिक त्रास झाला, ४१ ते ८० मिलिग्रॅमवर ४.६ टक्के, ८० च्या वर १८.४ टक्के. आता मेंदूच्या सुजेवर देतात ते दुसरं स्टेरॉइड, डेक्सामेथासोन, बघा. त्याचं पाऊण मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोनचे ५, म्हणजे रोजचे १६ मिलिग्रॅम हे प्रेडनिसोनचे शंभरावर भरतात. ‘डोस वाढवला त्याच्या तिसऱ्या दिवसापासून रात्रभर जागे असतात आणि आरडाओरडा करतात’, एवढं एक वाक्य डॉक्टरांना मिळालं की ते मात्रा उतरवता येते का बघतात, संध्याकाळची गोळी दुपारच्या आत आणतात. आपण होऊन गोळी अचानक तोडायची मात्र नाही. बाहेरून मिळत होतं म्हणून शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं, आणि रक्तदाब कोसळू शकतो. फिटसाठीच्या लेव्हेटिरासिटॅमनंही काहींना असाच संताप येतो. तेही अचानक थांबवलं तर फिट येऊ शकते. हे सगळं ‘मनावर घेऊ नका’खाली गाडलं गेलं तर नुकसान रुग्णाचंच होतं.

आणि आजार बोलत नसेल तर? पाहुणे आले की ‘या, बसा’, डॉक्टरांसमोर हसून नमस्कार. दाराची कडी लागली की बायकोला ‘तुझ्यामुळेच मला हे झालं’. कुणासमोर आवरायचं हे ज्याला कळतं, त्याला घरातही आवरता येतं का, हे विचारायलाच हवं. एवढ्यावरून निकाल मात्र देऊ नका. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या रुग्णालाही चारचौघांत तासभर सावरून बसता येतं, आणि ते गेले की दमून तो जास्तच चिडतो. म्हणून आजाराच्या आधीचं आठवा. तसलंच बोलणं आधीची वीस वर्षं ऐकलं असेल तर ते आजारानं आणलेलं नाही.

‘उलट बोललात तर आजार बळावतो’. शांतपणे ‘असं बोलू नका’ म्हटल्यानं गाठ वाढत नाही. वात झालेल्याशी किंवा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाशी वाद घालून उपयोग नसतो, हे खरं. हृदयाच्या रुग्णाला संतापाचा झटका वाईट, हेही खरं. पण म्हणूनच समोर बसून तो संताप वाढू देण्यापेक्षा उठून जाणं बरं. ते टाकणं नव्हे, पण जायची रीत आहे.

आधी नजर फिरवा. पलंग खाली केलाय, कठडा वर आहे, ऑक्सिजनची नळी जागेवर आहे, पाणी आणि घंटा हाताच्या अंतरावर आहेत. मग एकच वाक्य, एकदाच, आवाज न चढवता: ‘बाबा, शिव्या दिल्यात की मी बाहेर जाते. वीस मिनिटांनी येईन.’ कारणं द्यायची नाहीत, जुनी उणीदुणी काढायची नाहीत. वीस म्हणजे वीस. पंचवीस झाली की पुढच्या वेळी भीतीनं आवाज अजून चढतो. परत आल्यावर माफी मागून घेत बसायचं नाही, राहिलेलं काम हातात घ्यायचं. औषध, जेवण, कूस बदलणं यातलं काहीही शिक्षा म्हणून लांबवायचं नाही. वात झालेल्याला, दम लागलेल्याला, पलंगावरून उतरू बघणाऱ्याला किंवा जीव देण्याचं बोलणाऱ्याला एकटं सोडायचंच नाही. तिथं दुसऱ्या माणसाला बोलवायचं. जीव देण्याचं बोलणं धमकी वाटलं तरी गोळ्यांचा डबा लगेच हलवायचा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं.

‘खरं प्रेम असेल तर त्रास होत नाही’. होतो. जिथं जीव अडकलाय तिथला शब्द जास्तच लागतो. यावर आणखी काय लिहायचं?

राहिलं ‘बाहेर सांगू नका’. सांगा, आणि वही घेऊन सांगा. ‘हल्ली फार चिडतात’ यावर डॉक्टरांना काही करता येत नाही. पाच-सात दिवस तारीख, वेळ, जसेच्या तसे शब्द, आधीची गोळी किती वाजता दिली, झोप, शौच, वेदना दहापैकी किती, एवढं लिहा. ‘मंगळवार, पहाटे ४. वेदनेची गोळी रात्री १० ला, पुढची सकाळी ६ ला. म्हणाले, मी मरायची वाट बघतेस. वेदना ८. ६ ची गोळी दिली, ७ ला वेदना ३, गप्प झोपले.’ अशा तीन रात्रींच्या नोंदी दिसल्या की आठ तासांची गोळी सहा तासांत उतरतेय, ही शंका डॉक्टरांना नोंदीवरूनच येते.