बूट उलटे घाला आणि बसून राहा

आज दुपारपासून डोके तापलेले आहे आणि घरात ऐकून घेणारे कुणी उरलेले नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

माझा दहा वर्षांचा नातू ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात दोन दिवसांच्या 'सर्व्हायव्हल कॅम्प'ला जाऊन काल परत आला. गळ्यात शिट्टी, मनगटात दोरीचे गुंफलेले कडे, ठिणगी पाडायची एक काडी आणि लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र, असा सगळा थाट होता. तिथवर मला कौतुकच वाटत होते. आज जेवता जेवता त्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की जंगलात वाट चुकली तर ओढा शोधायचा आणि त्याच्या काठाकाठाने खाली उतरत राहायचे, म्हणजे वस्ती लागतेच. दुसरी अशी की चकवा, वाघोबा वगैरे अडाणी लोकांच्या कल्पना आहेत, असे सरांनी सांगितले आणि सगळी मुले पोट धरून हसली. मग त्याने फोटो दाखवला. शेंदूर फासलेल्या वाघोबाच्या ओट्यावर एक पाय ठेवून सर उभे आहेत आणि मागे बारा-पंधरा मुले पंजे उगारून डरकाळी फोडत आहेत.

माझा घास तिथेच अडकला.

1987 सालचा ऑगस्ट होता. आम्ही तीन मैत्रिणी आसनगावला उतरून माहुलीच्या किल्ल्यावर गेलो होतो, बरोबर वाटाड्या नाही, कारण वाटाड्या घेणे आम्हाला कमीपणाचे वाटायचे. उतरताना चारच्या सुमारास धुके आले. माहुलीच्या पावसाळी धुक्यात आपलाच हात लांब केला तर पंजा पुसट दिसतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. आम्ही तासभर चाललो आणि एका ऐनाच्या झाडाशी आलो, मगरीच्या पाठीसारखी साल असलेला जुना ऐन. पुन्हा चाललो आणि पुन्हा एका ऐनाशी आलो. तिसऱ्यांदा आलो तेव्हा बुंध्याशी मोसंबीची साले पडलेली दिसली, आणि ती आमचीच होती. (हो, तेव्हा जंगलात साले टाकायची आम्हाला लाज वाटत नसे.) आमच्यातली एक रडायला लागली. दुसरी म्हणाली, पाण्याचा आवाज येतो आहे, ओढ्याने खाली जाऊ.

मला त्या क्षणी माझी आजी आठवली. संगमेश्वराकडची, जिला आम्ही सगळे बय म्हणायचो. बय सांगायची, "चकवा लागला की जागच्या जागी बसायचं. पायातलं काढायचं, डाव्याचं उजव्यात आणि उजव्याचं डाव्यात घालायचं. फटफटल्याशिवाय उठायचं नाही." लहानपणी मी या गोष्टीला हसत असे, अगदी परवा ती मुले हसली तशीच. पण त्या ऐनाखाली दुसरे काही सुचेना. आम्ही बसलो. भिजून फुगलेल्या नाड्यांच्या गाठी गारठलेल्या बोटांनी सुटत नव्हत्या. एकीने तर दातांनी सोडवली आणि तोंडात गेलेला चिखल थुंकत हसायला लागली. बूट अदलाबदल करून होईपर्यंत रडणे थांबलेले होते. मग एक प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन, पाठीला पाठ लावून रात्रभर बसलो.

आता कुणी म्हणेल की चकवा म्हणजे काही भूत नव्हे. नसेल! 2009 साली जर्मन संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितले होते, तेव्हा सूर्य किंवा चंद्र दिसत नसला की माणसे स्वतःच्या नकळत गोल फिरतात आणि आपण नाकासमोर चाललो आहोत अशी त्यांची पक्की समजूत असते, हे त्यांना आढळले. मला त्यात नवल वाटले नाही. बयने हा प्रयोग न करताच त्याला नाव दिले होते, आणि नावाबरोबर उपायही दिला होता. सरांनी मुलांकडून नावही काढून घेतले आणि उपायही.

आणि बदल्यात दिले काय, तर ओढा! हा सल्ला कुठल्या तरी सपाट, लांबरुंद खोऱ्यांच्या मुलखातून उचललेला आहे. आपला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. इथला ओढा वरच्या टप्प्यावर गुणी मुलासारखा वाहतो आणि टप्पा संपला की सरळ कड्यावरून उडी घेतो. पावसाळ्यात ज्या धबधब्यांचे फोटो आपण एकमेकांना पाठवतो, ते सगळे अशाच ओढ्यांचे शेवट आहेत. दहा वर्षांच्या मुलाला, तेही पावसाळ्याच्या तोंडावर, ओढ्याने खाली जा म्हणून शिकवायचे आणि वर प्रमाणपत्र द्यायचे, याला काय म्हणावे?

माहुलीला सकाळी गुरे घेऊन ठाकरवाडीतला एक म्हातारा वर आला. त्याने आमच्या पायांतले उलटे बूट पाहिले आणि एवढेच विचारले, "बसून होता ना? बरं केलं." पायवाट आमच्यापासून पन्नास पावलांवर होती. ओढ्याने गेलो असतो तर काय झाले असते, असे मी विचारले तेव्हा त्याने आम्हाला काठाकाठाने थोडे पुढे नेले आणि पुढच्या पांढऱ्या धुक्यात एक दगड भिरकावला. दगड पडल्याचा आवाज आलाच नाही. उतरताना तो एका शेंदरी दगडापाशी थांबला, डहाळी मोडून तिथे ठेवली, आणि आम्हालाही ठेवायला लावली. आम्ही मुकाट्याने ठेवली.

म्हणून तो ओट्यावरचा पाय मला सहन होत नाही. वारल्यांसाठी बिबट्यासुद्धा वाघच, आणि दोघांचा मिळून वाघोबा, फळीवर किंवा दगडावर कोरलेला, वर सूर्य-चंद्र. आश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस म्हणून गाय-वासराला ओवाळतो, त्याच दिवशी पाड्यांवर वाघबारस असते. ज्याने गाय खाल्ली त्यालाही त्याच दिवशी नैवेद्य! येऊर ज्यात येते ते सुमारे 104 चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, त्यात बिबटे, आणि त्याच्या कडेला आपण लाखोंनी राहणार असू, तर दिवे लागल्यावर वाघोबाच्या पलीकडे जाऊ नये, हा नियम कुठल्याही फलकापेक्षा जास्त पाळला जातो, कारण फलकाला कुणी भीत नाही. कॅम्पवर राखणीला असलेल्या पाड्यावरच्या काकांनी मुलांना नेमके हेच सांगितले होते, असे नातू म्हणाला. सरांनी त्यांना सर्वांदेखत गप्प केले. हेच ते येऊर, जिथे रात्री लग्नाचे डीजे वाजतात आणि खेळाच्या टर्फचे प्रखर दिवे जळतात, तिथे अडाणी कोण, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

बरे, मान्य करते: याच श्रद्धांच्या नावाखाली बायांना भुताळी ठरवून मारलेले आहे, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच झालेला नाही, आणि साप चावलेल्या माणसाला भगताकडे नेणाऱ्याला मी स्वतः दोन शब्द सुनावीन. त्याला सरळ सरकारी दवाखान्यातच न्यायचे. शिट्टी दिली हेही चांगले केले.

आणि मीही काही अरण्यात राहत नाही. घोडबंदर रोडवर सतराव्या मजल्यावर राहते, जिथून येऊरचा डोंगर दिसतो म्हणून बिल्डरला जास्तीचे पैसे मोजले आहेत. 2019 साली बिबट्या ठाण्यातल्या मॉलच्या आवारात शिरला, तेव्हा 'तो आपल्या घरात आला' असे सगळ्यांबरोबर मीही म्हणाले होते. हे लिहिताना मघाचा राग बराचसा माझ्याकडेच वळला आहे.

संध्याकाळी नातवाला विचारले, हरवलास तर काय करशील? म्हणाला, ओढ्याने खाली. मी हॉलमधले दिवे घालवले, त्याला जमिनीवर बसवले, आणि माहुलीची सगळी गोष्ट सांगितली, मोसंबीच्या सालांसकट. मग म्हटले, आता घाल बूट, डाव्याचा उजव्यात. अंधारात चाचपडत, नाड्यांना शिव्या देत त्याने ते घातले, उठून उभा राहिला, दोन पावले टाकली आणि भिंतीला धरून थांबला.

"आजी, असं चालताच येत नाही गं."

इतक्या वर्षांत मला हे सुचले नव्हते.