रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही, आणि पोट उघडणं म्हणजे हार नाही

पोटाच्या ऑपरेशनबद्दलचा एक मेसेज सध्या खूप फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: आता ऑपरेशन रोबोट करतो, त्यामुळे माणसाच्या हातून होणारी चूक संपली. बारीक छिद्रांचं ऑपरेशन म्हणजे किरकोळ काम, ना दुखणं ना धोका. रोबोट हा दुर्बिणीपेक्षा कधीही सरस. आणि जो सर्जन अजूनही पोट उघडायचं म्हणतो तो जुन्या काळातला, त्याला सोडून दुसरा गाठा.

मी पोटाचीच ऑपरेशनं करते, बहुतेक दुर्बिणीतून, म्हणजे बारीक छिद्रांतून कॅमेरा आणि लांब अवजारं आत घालून. मेसेजमध्ये फक्त पहिली तीन विधानं असती तर कदाचित गप्प बसले असते. पण चौथ्यावर विश्वास ठेवून कुणी गरजेचं ऑपरेशन लांबवलं, तर ते त्याच्या जिवावर बेतू शकतं.

‘रोबोट स्वतः ऑपरेशन करतो.’ नाही. सर्जन थोड्या अंतरावर कन्सोलवर, म्हणजे यंत्र चालवायच्या टेबलाशी बसतो, डोकं त्यातल्या पडद्याशी टेकवतो, बोटं कड्यांमध्ये अडकवतो, पाय पेडलवर ठेवतो. त्याचं मनगट वळलं की पेशंटच्या पोटातल्या अवजाराचं टोक वळतं. त्याने डोकं कन्सोलमधून बाहेर काढलं की अवजारं आहेत तिथे थांबतात. यंत्र हाताचा बारीक कंप गाळतं, हालचाल लहान करून पोहोचवतं, उठावदार त्रिमितीय चित्र दाखवतं. कुठे कापायचं, कुठे थांबायचं हे मात्र ते ठरवत नाही. ७ सप्टेंबर २००१ ला जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्त्रासबूर्ग शहरातल्या एका बाईंचं पित्ताशय काढलं. तेव्हाही समुद्रापार गेली ती सर्जनच्या हाताची हालचाल. निर्णय न्यूयॉर्कमध्येच होत होते.

म्हणजे माणसाची चूक व्हायची जागा जिथल्या तिथे आहे. उलट एक गोष्ट कमी होते, ती म्हणजे स्पर्श. अलीकडच्या काही यंत्रांत थोडा जोर हाताला कळतो, पण वापरात असलेल्या बऱ्याच यंत्रांत दोरा किती ताणला गेलाय हे बोटांना समजत नाही. गाठ बसताना कडेचा भाग पांढरा पडतोय का, हे डोळ्यांनी बघून ताण ओळखावा लागतो. ही नजर यायला वेळ लागतो.

‘छिद्रं बारीक, म्हणजे ऑपरेशन किरकोळ.’ छिद्रं ५ ते १२ मिलिमीटरची असतात, हे खरं. पण आत जे कापायचं, बांधायचं, जोडायचं ते तेवढंच राहतं. आतडं छिद्रातून कापलं म्हणून ते जोडलेल्या जागेतून गळती व्हायची भीती जात नाही. शिवाय आत जागा करायला पोटात कार्बन डायऑक्साइड भरावा लागतो, साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने. त्या दाबाने श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, वर ढकललं जातं, हृदयाकडे परतणाऱ्या रक्तावर परिणाम होतो. म्हणूनच हृदय किंवा फुप्फुस कमजोर असलेल्या पेशंटच्या वेळी भूलतज्ज्ञाचं लक्ष एका क्षणासाठीही हलत नाही.

दुसऱ्या दिवशी राउंडला हमखास प्रश्न येतो: ‘डॉक्टर, ऑपरेशन पोटाचं झालं, मग खांदा का दुखतोय?’ श्वासपटलाची संवेदना नेणारी नस मानेतून निघते. श्वासपटल चिडलं की मेंदूला दुखणं खांद्यात आहे असं वाटतं. दोन-तीन दिवसांत ते जातं. हे आधी सांगितलेलं असलं की पेशंट घाबरत नाही, आणि ‘ना दुखणं’ असं सांगून पाठवलेला घाबरतो.

या पद्धतीचे फायदे मी रोज बघते: दुखणं कमी, जखमेत पू होणं कमी, पेशंट लवकर चालायला लागतो, टाक्याच्या जागी पुढे हर्निया व्हायची शक्यता कमी. एरिक म्यूहे यांनी १९८५ साली जर्मनीत दुर्बिणीतून पहिलं पित्ताशय काढलं, तेव्हा त्यांच्याच देशातल्या सर्जननी त्यांना धुडकावलं होतं. आज पित्ताशयासाठी तीच पद्धत पहिली निवड आहे.

‘रोबोट दुर्बिणीपेक्षा कधीही सरस.’ इथे आकडेच बघूया. गुदाशयाच्या कॅन्सरच्या ४७१ पेशंटवरचा रोलार हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यावर पोट उघडावं लागण्याचं प्रमाण दुर्बिणीत १२.२ टक्के आणि रोबोटमध्ये ८.१ टक्के निघालं, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. जांघेतल्या हर्नियावरच्या २०२० च्या एका तुलनेत रोबोटला वेळ जवळजवळ दुप्पट लागला आणि पेशंटला वेगळा फायदा दिसला नाही. अरुंद ओटीपोटात खोलवर टाके घालायचे असतील तेव्हा रोबोटचं वळणारं मनगट खरंच उपयोगी पडतं. साध्या पित्ताशयासाठी मला तरी त्याची गरज वाटत नाही.

आता चौथं विधान: ‘पोट उघडायचं म्हणणारा सर्जन बदला.’

पित्ताशय काढताना त्यात शिरणाऱ्या दोनच गोष्टी बांधून कापायच्या असतात, त्याची नळी आणि त्याची रक्तवाहिनी. त्या आधी भोवतालची चरबी आणि पडदे सोलून काढायचे, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा करायचा, आणि दोनच गोष्टी आत जाताना स्पष्ट दिसल्या तरच क्लिप लावायची. सुजेने सगळं थिजलेलं असेल तर हे चित्र दिसतच नाही. अवजार लावलं की रक्त झिरपतं, कॅमेरा पुसावा लागतो, आणि बाजूलाच, जेमतेम ६ मिलिमीटर रुंदीची, यकृतातून सगळं पित्त आतड्यात नेणारी मुख्य नलिका असते. चुकून ती कापली गेली तर कावीळ, पित्ताची गळती आणि आतडं वर ओढून नवी वाट करायचं मोठं ऑपरेशन. म्हणून तिथे थांबायचं. थोडं पित्ताशय मागे ठेवायचं, ज्येष्ठ सहकाऱ्याला बोलवायचं, किंवा पोट उघडायचं. अशाच एका पेशंटचं पोट उघडून मी बाहेर आले तेव्हा त्यांच्या मुलाने विचारलं, ‘म्हणजे दुर्बिणीचं फेल गेलं का?’ मी म्हटलं, नाही, तुमच्या आईंची नलिका शाबूत राहिली.

आणि काही आजारांत पोट उघडणं हीच पहिली निवड असते. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरसाठी छिद्रांतून केलेलं मोठं ऑपरेशन आणि पोट उघडून केलेलं, यांची तुलना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ६३१ स्त्रिया त्यात होत्या. साडेचार वर्षांनंतर आजाराशिवाय असलेल्यांचं प्रमाण उघड्या ऑपरेशननंतर ९६.५ टक्के, तर दुर्बीण किंवा रोबोटनंतर ८६ टक्के भरलं. असं निघेल अशी फारशी कुणाची अपेक्षा नव्हती. त्यानंतर अनेक सर्जननी या एका ऑपरेशनसाठी आपली पद्धत बदलली.

दुर्बिणीच्या किंवा रोबोटच्या ऑपरेशनआधी जो संमतीचा कागद सहीला येतो, त्यात गरज पडल्यास पोट उघडावं लागेल अशी ओळ असते. बरेच जण ती न वाचता सही करतात. ती वाचा, आणि सर्जनला विचारा: माझ्या बाबतीत ही वेळ येण्याची शक्यता किती, आणि कोणत्या क्षणी तुम्ही तसं ठरवाल?