डासांचे यंत्र आणि 23.976

सध्या आमच्या दिवाणखान्यात संगणकावरचे काहीही टीव्हीवर पाहायचे असल्यास डास पळवण्याचे यंत्र बंद ठेवावे लागते. हा नियम तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी केला, सासूबाईंनी मंजूर केला आणि पत्नीने कटकट नको म्हणून लागू केला. ते जेमतेम पाच वॅटचे यंत्र चित्राला गचके देते, हे आता आमच्या इमारतीत सर्वमान्य झाले आहे. पावसाळ्यात, कोथरूडमध्ये, नदीपासून फार लांब नसलेल्या घरात हा नियम पाळणे म्हणजे काय, हे माझे पाय पाहिल्यावर कोणाच्याही लक्षात यावे.

निमित्त होते मेहुणीच्या लग्नाच्या व्हिडिओचे. हल्ली लग्नाचे चित्रण नुसते करून चालत नाही, ते ‘सिनेमॅटिक’ असावे लागते; म्हणजे फोर-के चित्र, 10 बिट रंग, ते दाबून भरण्याची एचईव्हीसी नावाची पद्धत आणि सेकंदाला चित्रपटाइतकीच चित्रे. टीव्हीला जोडायचा छोटा संगणक मी स्वतः भाग जुळवून तयार केलेला असल्याने सासरची सगळी मंडळी रविवारी आमच्याकडे जमली. मंगलाष्टके संपली, अंतरपाट खाली यायला लागला आणि अर्ध्यावरच थांबला. सनई मात्र वाजत राहिली. मग चित्राने एकदम उडी मारली ती थेट पंगतीत, जिथे मामेसासरे तोंडाशी नेलेली जिलबी तशीच धरून, डोळे अर्धवट मिटून, बराच वेळ स्तब्ध राहिले. मामेसासरे स्वतः समोरच्या सोफ्यावर बसलेले असल्याने त्या दृश्यावर मोकळेपणाने हसण्याचीही सोय नव्हती.

‘आमच्याकडे कधी अडकत नाही,’ असे साडूंनी जाहीर केले. ‘वायफाय बंद करून चालू करा,’ असे त्यानंतर निदान तिघांनी सुचवले. व्हिडिओ पेन ड्राइव्हवर आहे आणि पेन ड्राइव्ह संगणकाला खोचलेला आहे, हे मी त्यांना दाखवले. त्यावर मामेसासऱ्यांनी, तरीही वायफाय एकदा बंद करून पाहायला काय हरकत आहे, असे विचारले.

प्रोसेसर 100 टक्क्यांवर पोहोचला होता. एचईव्हीसीत दाबून भरलेले चित्र उलगडणे फार कष्टाचे काम असते आणि 10 बिटचे असले तर आणखीच. परंतु इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी वेगळी यंत्रणा बसवलेली असते आणि माझ्या संगणकात ती आहे. नव्याने टाकलेल्या प्लेयरने तिला कामच दिले नव्हते. तो पर्याय चालू करताच प्रोसेसर शांत झाला आणि मोठे गचके थांबले. तरीही कॅमेरा मांडवावरून डावीकडून उजवीकडे फिरला की चित्र बारीक थरथरत होते, आणि ही थरथर एकदा दिसायला लागली की दुसरे काहीही दिसत नाही.

हा हिशेबाचा घोळ आहे. टीव्ही सेकंदाला 60 वेळा पडदा नवा करतो आणि चित्रे आहेत 24. 24 ने 60 ला पूर्ण भाग जात नाही. म्हणून एक चित्र तीनदा आणि पुढचे दोनदा दाखवले जाते, म्हणजे एक 50 मिलिसेकंद टिकते तर दुसरे 33, आणि सरळ चालणारा नवरदेव लंगडत आल्यासारखा दिसतो. त्यातही 24 हा आकडा खरा नव्हेच, खरा आकडा आहे 23.976. अमेरिकेत 1953 साली रंगीत प्रसारणाचे मानक ठरवताना रंगाच्या आणि ध्वनीच्या लहरींची गाठ पडून पडद्यावर नको ती नक्षी उमटू नये, म्हणून तिथल्या अभियंत्यांनी सेकंदाला 30 चित्रे असत त्यांत साधारण हजारातल्या एका भागाची कपात केली. त्या हिशेबाने 30 चे 29.97 झाले आणि चित्रपटाच्या 24 चे 23.976. त्यामुळे टीव्ही नेमका 24 वर ठेवला तरी साधारण 42 सेकंदांनी एक चित्र दोनदा दाखवावे लागते आणि तेवढाच एक ठेचका बसतो. आपल्याकडे 1982 साली रंगीत दूरदर्शन आले ते पाल पद्धतीचे, सेकंदाला 25 चित्रांचे. त्या पद्धतीत 24 चा चित्रपट सरळ 25 ने पळवत, म्हणजे अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटे आधी संपत असे आणि नायिकेचा आवाज किंचित वर चढत असे. त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. तक्रारी सगळ्या माझ्या वाट्याला आल्या.

मी सेटिंग शोधत असताना काका सोसायटीच्या सभेची नोटीस द्यायला आले. काका वीज खात्यातून निवृत्त झाले आहेत, परंतु वीज त्यांच्यातून अद्याप निवृत्त झालेली नाही.

‘अर्थिंग आहे का?’ त्यांनी दारातूनच विचारले. पडद्याकडे त्यांनी अजून पाहिलेही नव्हते.

‘काका, वायरिंगचा प्रश्न नाही. टीव्ही 60 हर्ट्झवर आहे आणि व्हिडिओ...’

‘आपला सप्लाय किती हर्ट्झचा?’

‘पन्नास. पण त्याचा इथे काही...’

‘मग तू साठ आणलेस कुठून?’

सासूबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर चोरून वीज घेणाऱ्यांसाठी राखीव असावी. पडद्याचे हर्ट्झ वेगळे आणि विजेचे वेगळे, हे सांगायला मी तोंड उघडले, तोवर काकांनी सदऱ्याच्या खिशातून टेस्टर काढला होता. पिवळ्या मुठीचा, टोकाला काळा पडलेला तो टेस्टर त्यांनी एक्स्टेन्शन बोर्डात खुपसला, मुठीमागच्या टोपीवर अंगठा ठेवला आणि आतला छोटासा लाल दिवा लागल्यावर तो साडूंना वाकून पाहायला लावला.

‘फेज आहे,’ काका म्हणाले. फेज नाही असे त्या खोलीत कोणीही म्हटलेले नव्हते; टीव्ही चालू होता, पंखा फिरत होता. तरीही साडू ‘वा’ म्हणाले.

‘आणि हे काय?’

‘डासांचं यंत्र आहे, काका.’

‘आत हीटर असतो. लोड खातो.’

‘काका, पाच वॅटचं आहे ते. त्याने...’

‘वॅट मला शिकवतोस? तू शाळेत जात नव्हतास तेव्हापासून सबस्टेशन सांभाळलंय मी.’

एव्हाना मला रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवा करायचा ते सेटिंग, सापडला होता. मी 23.976 निवडले आणि होकाराचे बटण दाबले. असा बदल केल्यावर संगणक आणि टीव्ही एचडीएमआयच्या तारेतून नव्याने ओळख करून घेतात आणि तेवढ्यापुरता पडदा काळा होतो. नेमक्या त्या काळोखात काकांनी डासांच्या यंत्राची पिन उपटली. पडदा उजळला, कॅमेरा मांडवावरून सरळ, संथ फिरला, अंतरपाट पूर्ण खाली आला आणि मामेसासऱ्यांनी एकदाची जिलबी खाल्ली. टाळ्या वाजल्या. काकांनी टेस्टर खिशात ठेवला आणि चहाला नाही म्हटले नाही.

मी समजावून पाहिले. 60 भागिले 24 कागदावर मांडून दाखवले, 1953 सालापर्यंत जाऊन आलो. अखेरीस, यंत्र पुन्हा लावून बघू, गचके परत येतात का ते सर्वांसमोर ठरेल, असा साधा प्रस्ताव ठेवला. सासूबाई म्हणाल्या, ‘चाललंय ना आता? मग हात लावू नका.’ ज्या घरात दोन पदवीधर, एक सनदी लेखापाल आणि विज्ञानाच्या एक निवृत्त शिक्षिका बसल्या आहेत, त्या घरात अर्ध्या मिनिटाचा प्रयोग करायला एकाचीही तयारी नसावी, याचा मला अजून राग येतो. निवृत्त शिक्षिका म्हणजे सासूबाईच.

संगणकासाठी प्रोसेसर निवडताना, आवाज न करणारा पंखा शोधताना आणि मागच्या तारा एकेक करून बांधताना या मंडळींपैकी कोणी काही विचारले नव्हते. आता काकांना मात्र इमारतीतून बोलावणी येतात. पहिल्या मजल्यावरच्यांचे व्हिडिओ खरोखर कमकुवत वायफायमुळे अडकत होते; काकांनी तिथे मिक्सर बंद करायला लावला म्हणे.

पाठोपाठ सोसायटीच्या सभेत त्यांनी नव्या अर्थिंगचा विषय काढला. मागच्या मोकळ्या जागेत खड्डा, कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी आणि मजुरी असे अंदाजपत्रक ते लिहूनच घेऊन आले होते. पुरावा म्हणून त्यांनी आमच्या दिवाणखान्यातला प्रसंग सांगितला आणि साक्षीदार म्हणून मला उभे केले. मी रिफ्रेश रेट हा शब्द उच्चारताच सचिवांनी वेळेअभावी पुढचा विषय घेतला. ठराव एकमताने संमत झाला, असे इतिवृत्तात लिहिले आहे. मूळ दोष आमच्या घरात आढळल्यामुळे निम्मा खर्च आम्ही द्यावा, असेही त्यात आहे, आणि त्याची पावती कालच दाराखालून आत सरकवलेली सापडली.