आमच्या दारातून नको, पण पाच मिनिटांवर हवी

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची विशेष सभा झाली. स्टिल्टमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्येच शिट्टी मारणारा माईक आणि विषय एकच: ठाण्याची रिंग मेट्रो पोखरण रोड नंबर दोनवरून जाऊ द्यायची की नाही. जणू आमच्या परवानगीवाचून गाडी अडली आहे! केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी १६ ऑगस्ट २०२४ ला मिळाली, ऑक्टोबरमध्ये भूमिपूजनही उरकलं. २९ किलोमीटर, २२ स्टेशनं, १२,२०० कोटी. आणि दोन तास भांडून आमचा ठराव काय झाला, तर "मार्ग कोलशेत-बाळकूमच्या बाजूने वळवावा". अहो, ते वर्तुळ आहे. अर्धं तिकडूनच जातंय. नकाशा उघडायची तसदी कोणी घेतलीच नव्हती.

खिडकीवाल्यांचं दुःख मी हसण्यावारी नेत नाही. मी स्वतः दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या अंगाला राहतो. खांबांवरून गाडी आली की समोरच्या डब्यातला माणूस माझ्या ताटात आज कुठली भाजी आहे ते सांगू शकेल. झाडांचा प्रश्नही खरा आहे. घोडबंदर रोडवर २०१८ पासून मेट्रो चारच्या कामाने काय केलं ते सगळ्यांनी सोसलंय. रस्ता अडवणारे तेच पत्रे आपल्या गेटसमोर लागणार म्हटल्यावर माणूस घाबरणारच.

पण सभेत सगळ्यात मजेशीर वाक्य एका काकांचं होतं. "आपल्या रस्त्यावरून नको, पण स्टेशन चालत पाच मिनिटांवर पाहिजे." टाळ्या पडल्या हो! थोड्या वेळाने त्यांनीच शेजाऱ्याला हळूच विचारलं, मेट्रो आली की टू-बीएचकेचा भाव कितीने वाढेल.

मला यावरून चारेक वर्षांपूर्वीचा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा राडा आठवला. तेव्हा याच मार्गावर मेट्रोऐवजी लाइट रेल आणायचं चाललं होतं. मेट्रोचा अंदाज १३ हजार कोटींच्या वर गेला होता आणि लाइट रेलचा आकडा ७,१६५ कोटी होता. लाइट रेल म्हणजे डबे कमी, वजन कमी, वळण आखूड घेता येतं. वाकड्यातिकड्या, आधीच बांधून झालेल्या ठाण्यात हा वाईट विचार नव्हता. पण कोणीतरी त्याचं भाषांतर "हलकी रेल्वे" असं केलं आणि घोळ झाला. मराठीत हलकं म्हणजे वजनाला कमी, आणि हलकं म्हणजे कमी प्रतीचंही. "मुंबईला मेट्रो आणि आम्हाला हलका माल?" खांब किती जाड, वळणावर किती जागा जाणार, हे कोणी विचारलं नाही. प्रतिष्ठेचा प्रश्न झाला. आता मोठी मेट्रो मिळाली, तर तीच मंडळी म्हणतात, एवढं अवजड कशाला?

माझी खरी तक्रार वेगळी आहे. सभेत बोलले ते बहुतेक दोन गाड्यांचे मालक. आमच्या बिल्डिंगमध्ये भाडेकरूही पुष्कळ आहेत, आणि रोज सकाळी टीएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या बससाठी धावतात ते प्रामुख्याने तेच. पण भाडेकरू मेंबर नसतो, त्याला मत नाही. चौथ्या मजल्यावरचं एक जोडपं जिन्यापाशी उभं राहून ऐकत होतं. दोघं वागळे इस्टेटला कामाला जातात. त्यांना कोणी "तुमचं काय म्हणणं" असं विचारलं नाही. मीही नाही, हेही सांगून टाकतो. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई लोकमान्य नगरहून दोन शेअर रिक्षा बदलून येतात. पावसाळ्यात रिक्षा मिळाली नाही की आम्हीच घड्याळाकडे बघत कुरकुरतो.

आपलं ठाणं सगळं रेल्वे स्टेशनाभोवती फिरतं. बसची मोठी रांग स्टेशनला, शेअर रिक्षाची रांग स्टेशनला. वागळेहून मानपाड्याला जायचं तर सरळ साधन पटकन मिळत नाही. ही मेट्रो वागळे सर्कल, लोकमान्य नगर, गांधीनगर, मानपाडा, वाघबीळ, कोलशेत, बाळकूम, राबोडी अशी फिरून परत स्टेशनला येणार. म्हणजे मुंबईला न जाता ठाण्यातल्या ठाण्यात फिरणाऱ्यांची गाडी. २०२९ साठी सरकारी अंदाज रोज ६.४७ लाख प्रवाशांचा आहे. खरा किती ते बघू. अंदाज आणि गर्दी यांची पत्रिका नेहमी जुळतेच असं नाही.

जुळायची असेल तर भांडण फुटपाथवर व्हायला हवं. आमच्या गेटपासून गांधीनगरच्या चौकापर्यंत सलग फुटपाथ नाही. रस्ता रुंद झाला आणि त्या रुंदीत गाड्या उभ्या राहिल्या, त्यातल्या काही आमच्याच सोसायटीच्या. स्टेशन झालं तरी सत्तर वर्षांच्या आजी तिथवर पोचणार कशा? जिना चढायला लिफ्ट असेल, पण लिफ्टपर्यंत जायला वाट? टीएमटीची छोटी बस स्टेशनला जोडणार का? महापालिकेला आजच धरायचं तर हे धरा.

हे मी सभेत बोललो. सेक्रेटरी म्हणाले, "मुद्दा चांगला आहे, पण अजेंड्यावर नाही."

काल मार्ग वळवण्याच्या ठरावावर सह्या घ्यायचा कागद घेऊन ते दारात आले. मी सही केली नाही. "अहो, तुमच्या तर खिडकीसमोरूनच जाणार!" म्हणाले. जाणारच आहे. संध्याकाळी आम्ही हॉलच्या पडद्यांचं माप घेतलं. बायको म्हणाली, जाड कापड घेऊ या, आणि कागदाच्या मागे फुटपाथचंही लिहून दिलं असतंस तर बिघडलं असतं का?

आज जाऊन लिहून येतो.